आजीची भाषा आईला शिकवणारी मुलं

दारात पाहुणा उभा आहे. आतून कुणी म्हणालं, "आम्ही जेवायला बसतोय," तर तो हळूच पाय मागे घेतो. "आपण जेवायला बसू या," असं ऐकू आलं तर चपला काढतो. हा फरक मराठी मुलाला कुणी शिकवत नाही. शाळेत जायच्या आधीच त्याला कळलेलं असतं की 'आपण'मध्ये समोरचा आला आणि 'आम्ही'तून तो वगळला. इंग्रजीला हे जमत नाही. तिथे दोन्हींना एकच 'वुई', आणि जेवायचं आमंत्रण आहे की नाही ते पाहुण्याने चेहऱ्यावरून ओळखायचं.

अमेरिकेतल्या चेरोकी लोकांच्या भाषेत मात्र 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. शिवाय तिथे दोघांचं आणि अनेकांचंही वेगळं आहे. 'तू आणि मी', 'तो आणि मी, पण तू नाही', 'तुम्ही सगळे आणि मी', 'ते सगळे आणि मी, पण तुम्ही नाही' या चार अर्थांसाठी क्रियापदाला चार निरनिराळे उपसर्ग लागतात. मराठीतलं आपण-आम्ही आणि संस्कृतातलं द्विवचन एकाच घरात नांदायला आल्यासारखं. म्हणजे साधं 'जातोय' म्हणायचं तरी तोंड उघडण्याआधी आपल्यासोबत कोण कोण आहे ते मोजावं लागतं.

आज ओक्लाहोमा राज्यात वाढणारं बहुतेक चेरोकी मूल ही मोजणी विसरलेल्या घरात जन्मतं. आई इंग्रजी बोलते, बाबा इंग्रजी बोलतात. आजी असलीच आणि तिला भाषा येत असलीच, तर ती बोलणार कुणाशी? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या घरांमधून एक उलटी वाट पडते आहे. पोरं भाषा शिकून येतात आणि आईला सांगतात. चेरोकी नेशन या मुलांना मोठ्या मानाने 'दूत' म्हणतं. दूत परमुलखात पाठवायचा असतो असा आपला समज. ही मुलं जातातही चार ठिकाणी, पण त्यांची अवघड कामगिरी घरातच आहे असं मला वाटतं.

आकडा आधी सांगून टाकतो. चेरोकींच्या तीन जमातींना अमेरिकेच्या संघराज्याची मान्यता आहे. त्यांतली सर्वांत मोठी चेरोकी नेशन. ओक्लाहोमातलं टॅलेक्वा ही तिची राजधानी, आणि नागरिक साडेचार लाखांहून जास्त. दुसरी, युनायटेड किटूवा बँड, हीसुद्धा टॅलेक्वातलीच. तिसरी, ईस्टर्न बँड, दूर पूर्वेला नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत राहते. तिन्ही मिळून भाषा सहज बोलू शकणारी माणसं दोन हजारांच्या आसपास, आणि त्यांतली बहुतेक साठी उलटलेली. 2019 च्या जूनमध्ये तिन्ही जमातींनी एकत्र बसून आपल्या भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली बोलणारेही साधारण एवढेच असल्याचं अभ्यासक सांगतात. तिथे कुणी आणीबाणी जाहीर केल्याचं माझ्या कानावर नाही.

मात्र चेरोकी ही बिनलिपीची, रानात हरवलेली भाषा असेल अशी कल्पना कुणी केली असेल तर ती पुसून टाकलेली बरी. लिपीची गोष्ट तर थक्क करणारी आहे. सिक्वोया नावाचा एक चेरोकी चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करतात आणि दूरचा माणूस त्या पाहून बोलतो, एवढंच त्याने पाहिलं होतं. आधी त्याने प्रत्येक शब्दासाठी एक खूण काढायला घेतली. खुणा हजारांवर जायला लागल्या. बायकोने वैतागून त्या चुलीत घातल्या असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर शेत ओसाड टाकून नवरा वर्षानुवर्षं रेघोट्या ओढत बसला तर कोणतीही बायको तेच करील. मग त्याच्या लक्षात आलं की शब्द अगणित असले तरी त्यांतले उच्चाराचे तुकडे मोजकेच आहेत. 1821 च्या सुमारास त्याची लिपी तयार झाली. शेजाऱ्यांना ही चेटूकविद्या वाटली. खात्री पटवायला त्याने आपल्या लहान मुलीला, आयोकाला, पुढे केलं. तिला दूर उभं केलं, इकडे लोकांनी सांगितलेलं त्याने लिहिलं, आणि तिने ते घडाघडा वाचून दाखवलं. या भाषेची पहिली दूत ती सहा-सात वर्षांची पोरगी, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या बाराखडीत 'क' हे मूळ चिन्ह कायम राहतं आणि काना, मात्रा, वेलांटी त्याला बिलगतात. सिक्वोयाच्या लिपीत तशी सोय नाही. 'ग', 'गे', 'गी', 'गो', 'गू' या प्रत्येकाचं अक्षर स्वतंत्र, एकमेकांशी चेहऱ्याने नातं नसलेलं. आज वापरात अशी 85 अक्षरं आहेत. स्वर सहा, त्यांतला सहावा नाकातून येणारा, आपल्या 'अं'च्या जवळचा. 'प', 'ब', 'फ' यांचा मूळ भाषेत पत्ताच नाही. ओठ मिटायची वेळ फक्त 'म'ला येते. आणि एक गंमत, जी शेवटपर्यंत लक्षात ठेवावी: सिक्वोयाने इंग्रजी छापील अक्षरं पाहिली होती पण त्यांचे उच्चार त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याची कितीतरी अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि उच्चार भलताच असतो. डब्ल्यूसारखं दिसणारं अक्षर 'ल' आहे, डीसारखं 'अ', एचसारखं 'मि', झेडसारखं 'नो'. चेरोकी लोक स्वतःच्या भाषेला 'जलगी' म्हणतात. तो शब्द त्यांच्या लिपीत लिहिला की इंग्रजी डोळ्यांना जी, डब्ल्यू, वाय अशी तीन अक्षरं दिसतात.

लिपी इतक्या झपाट्याने पसरली की 1825 मध्ये चेरोकी शासनाने ती अधिकृतपणे स्वीकारली आणि 21 फेब्रुवारी 1828 रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा या तेव्हाच्या राजधानीत 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं. अर्धं इंग्रजी, अर्धं चेरोकी. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 चं, तेही इंग्रजी-मराठी असं दुभाषी. म्हणजे अमेरिकेतलं हे आदिवासी वर्तमानपत्र आपल्या पहिल्या मराठी नियतकालिकापेक्षा जवळजवळ चार वर्षांनी मोठं. दोन्हीकडच्या छपाईच्या इतिहासात बोस्टनच्या एकाच मिशनरी संस्थेचं, अमेरिकन बोर्डाचं, नाव लागतं. तिची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि त्यांनी मराठी छापखाना काढला. चार वर्षांनी, 1817 मध्ये, तिनेच चेरोकी मुलखात मिशन उघडलं. फिनिक्सचा संपादक इलायस बूडिनॉट स्वतः चेरोकी. त्याला साथ देणारा सॅम्युअल वूस्टर अमेरिकन बोर्डाचा.

त्यानंतरची दहा वर्षं काळी आहेत. 1830 चा हुसकावणीचा कायदा, 1835 मध्ये मूठभर लोकांनी बहुसंख्यांच्या मर्जीविरुद्ध केलेला न्यू एकोटाचा तह, आणि 1838 मध्ये सैन्याने घराघरांतून बाहेर काढलेली माणसं. सुमारे सोळा हजार चेरोकींना मिसिसिपीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आलं. छावण्यांत आणि वाटेत चारेक हजार मेले असा अंदाज आहे. या वाटेला 'ट्रेल ऑफ टिअर्स', अश्रूंची वाट, म्हणतात.

भाषा मात्र या वाटेवर मेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ओक्लाहोमात पोचल्यावर चेरोकींनी पुन्हा घटना लिहिली, छापखाना काढला, शाळा उघडल्या. भाषेचं नुकसान नंतर, जास्त सभ्य मार्गांनी झालं. 1851 मध्ये चेरोकी शासनाने मुलांसाठी आणि मुलींसाठी दोन उच्च विद्यालयं स्वतःच्या पैशाने सुरू केली, आणि त्यांत शिक्षण होतं ते इंग्रजीतून. चेरोकी भाषा विषय म्हणूनसुद्धा नव्हती. आपल्याच पुढाऱ्यांनी, आपल्याच मुलांच्या भल्यासाठी. हा निर्णय वाचताना मराठी वाचकाला फार लांबच्या देशात गेल्यासारखं वाटणार नाही. पुढे सरकारी वसतिशाळा आल्या. तिथे स्वभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. ज्यांनी ती भोगली त्यांनी ठरवलं की आपल्या लेकरांच्या वाट्याला हे नको. ती घरात नवराबायकोत चेरोकी बोलत आणि मुलांशी इंग्रजी. चेरोकी ही मोठ्यांची, मुलांना कळू नये असं काही बोलायची भाषा झाली. मधली एक पिढी गप्प झाली, आणि भाषा तुटायला एक पिढी पुरते.

आता या तुटलेल्या जागी मुलांना उभं केलंय. त्याचे प्रकार बरेच आहेत आणि सगळेच मला सारखे पटत नाहीत.

सर्वांत दिखाऊ प्रकार मुकुटांचा. दरवर्षी 'मिस चेरोकी' निवडली जाते, तिच्याहून लहान मुलींमधून 'ज्युनिअर मिस चेरोकी', आणि चार ते बारा वर्षांच्या मुलामुलींमधून 'लिटल चेरोकी अँबेसेडर'. नाव ऐकून सौंदर्यस्पर्धा डोळ्यांपुढे येते, पण परीक्षक पाहतात ते मुलीला चेरोकी कितपत येते, ती आपल्या संस्कृतीतलं काय सादर करते, भाषणात काय मांडते. निवडलेली मुलगी वर्षभर तांब्याचा मुकुट घालून शाळा, मेळावे, समारंभ फिरते. अंगात 'टेअर ड्रेस' असतो. या पोशाखाच्या नावाचा अर्थ लोक हमखास चुकतात, कारण इंग्रजीत 'अश्रू' आणि 'फाडणे' यांचं स्पेलिंग एकच. अश्रूंच्या वाटेशी त्याचा संबंध नाही. कापड कात्रीने न कापता धाग्याच्या सरळ रेषेत टर्रकन फाडून त्याचे चौकोन जोडतात, म्हणून ते नाव. हा पोशाख 'परंपरागत' म्हणून ठरला 1969 मध्ये. व्हर्जिनिया स्ट्राउड या तरुणीला चेरोकींची प्रतिनिधी म्हणून स्पर्धेत जायचं होतं, आणि घालायचं काय हा प्रश्न पडला. तेव्हा बायकांच्या एका समितीने एका घरात जपलेला जुना झगा नमुना म्हणून घेतला. परंपरा कधीकधी अशी, कपाट उघडून, निवडून ठरवावी लागते. त्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रकार गाण्याचा. 2000 मध्ये चेरोकी नॅशनल यूथ क्वायर सुरू झालं. शाळकरी मुलं, सगळी गाणी चेरोकीत. 'अमेझिंग ग्रेस' या प्रसिद्ध भजनाच्या चालीवर चेरोकीत वेगळेच शब्द आहेत आणि ते गाणं तिथे जवळपास राष्ट्रगीतासारखं म्हटलं जातं. पोरं ते सुरेल गातात, ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांचे डोळे भरतात. पण गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मनाचे श्लोक न अडखळता म्हणणारी आणि खाली उतरल्यावर पाणी इंग्रजीत मागणारी मुलं आपण पाहिली आहेत. गाण्याने उच्चार बसतो, कान तयार होतो, आणि लाज जाते. लाज जाणं ही लहान गोष्ट नव्हे. पण गाण्याला उलट उत्तर द्यावं लागत नाही, आणि भाषा तर उलट उत्तरांतच राहते.

तिसरा प्रकार मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि वरवर पाहता त्याचा भाषेशी संबंधच नाही. तो सायकलींचा. 1984 मध्ये काही चेरोकी तरुणांनी न्यू एकोटाहून टॅलेक्वापर्यंत, म्हणजे पूर्वज ज्या वाटेने हाकलले गेले त्या वाटेने, सायकली चालवल्या. 2009 पासून ही फेरी दरवर्षी निघते. 2011 पासून ईस्टर्न बँडची मुलंही येतात. ज्यांचे पूर्वज डोंगरात मागे राहिले आणि ज्यांचे नेले गेले, त्यांची पतवंडं शेजारी शेजारी पॅडल मारतात. अंतर सुमारे 950 मैल, म्हणजे दीड हजार किलोमीटर, सात राज्यांतून, जूनच्या उन्हात, तीन आठवडे.

निघण्याआधी काही महिने सराव चालतो, आणि सरावात चेरोकी इतिहासाचे व भाषेचे वर्गही असतात. वंशावळीचा एक अभ्यासक प्रत्येक मुलाला त्याचा कुळवृत्तांत काढून देतो. मग कालपर्यंत अनोळखी असलेली दोन पोरं चुलत-मावस निघतात. जुन्या वाटेवर ती कुठे कुठे थांबतात. केंटकीत मँटल रॉक नावाची वालुकाश्माची मोठी कमान आहे. 1838-39 च्या हिवाळ्यात ओहायो नदीत बर्फाचे तराफे वाहत होते, नावा चालेनात, म्हणून हजारो चेरोकी त्या परिसरात थंडीत अडकून पडले होते. तिथे उभं राहिल्यावर मुलाला 'आम्ही' हा शब्द वेगळा लागतो. इथे समोर कोण आहे? 'आम्ही' म्हणायचं की 'आपण'? ज्याच्याशी बोलायचं ते माणूस एकशेऐंशी वर्षांपूर्वी याच दगडाखाली बसलेलं असेल, तर व्याकरण काय म्हणतं?

भाषेचं रोजचं, कंटाळवाणं, खरं काम मात्र शाळेत चालतं. 2001 मध्ये चेरोकी नेशनने एक बालवाडी काढली, जिथे पाऊल टाकलं की इंग्रजी बंद. तिची पुढे शाळा झाली. नॉर्थ कॅरोलायनात ईस्टर्न बँडची न्यू किटूवा अकादमी तशीच आहे. गणित, विज्ञान, भांडणं, तक्रारी, सगळं चेरोकीत. चेरोकी क्रियापद हा प्रकार सोपा नाही. 'मला दे' म्हणायचं तर दिली जाणारी वस्तू जिवंत आहे, लवचिक आहे, लांब आणि ताठ आहे, पातळ आहे की गोळीबंद आहे, त्यावर क्रियापद बदलतं. मांजर, ओढणी, काठी, पाणी आणि चेंडू मागायला पाच वेगळी रूपं. मोठ्या माणसाला याची कोष्टकं पाठ करावी लागतात. चार वर्षांच्या पोराला नुसतं मांजर हवं असतं, आणि ते रूप तोंडात बसतं.

अडचण तीन वाजता सुरू होते. शाळा सुटली की मूल इंग्रजी घरात, इंग्रजी टीव्हीपुढे आणि इंग्रजी फोनवर जातं. फोनच्या आघाडीवर चेरोकींनी चिकाटी दाखवली. त्यांची लिपी 1999 मध्येच युनिकोडमध्ये आली होती, पण ती खिशातल्या यंत्रात दिसायला कंपन्यांच्या मागे लागावं लागलं. 2010 मध्ये आयफोनवर चेरोकी आली, पुढे गूगल आणि विंडोजवरही. विचार व्यवहारी होता: मित्राला निरोप पाठवता येत नसेल ती भाषा पोरगं शाळेच्या फाटकातच ठेवून येणार.

मधली गप्प पिढीही कामाला लावली आहे. दहा-एक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या योजनेत तरुण आणि प्रौढ शिकणारे दोन वर्षं, आठवड्याला चाळीस तास, जाणत्या वृद्धांबरोबर बसतात, आणि त्याबद्दल त्यांना विद्यावेतन मिळतं. भाषा शिकणं ही पगारी नोकरी. 2019 मध्ये चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनिअर यांनी भाषेसाठी मोठा निधी देणारा कायदा आणला. त्याला नाव दिलं डर्बिन फीलिंग यांचं. व्हिएतनाम युद्धात लढून आलेल्या या भाषापंडिताचा चेरोकी-इंग्रजी शब्दकोश 1975 मध्ये निघाला होता आणि आजही शिकणाऱ्यांच्या हाताशी असतो. भाषा बोलणाऱ्यांची नोंदवही उघडली तेव्हा पहिली सही त्यांची. 2020 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचं भाषाकेंद्र 2022 मध्ये टॅलेक्वात सुरू झालं, जमातीच्या जुन्या कॅसिनोच्या इमारतीत. जिथे नाणी टाकायची यंत्रं खडखडत होती तिथे आता बालवाडीचा गोंगाट आहे. जुगाराच्या पैशावर भाषा जगवायची का, असं विचारणारे असतात. मला विचाराल तर पैसा यापेक्षा वाईट कामी जाताना मी रोज पाहतो.

करोनाच्या साथीत या सगळ्याचा कस लागला. म्हातारी माणसं आजारी पडत होती आणि इथे म्हातारा माणूस म्हणजे शब्दकोश, व्याकरण आणि शिक्षक. 2020 च्या डिसेंबरात लशीच्या पहिल्या कुप्या आल्या तेव्हा चेरोकी नेशनने डॉक्टर-परिचारिकांच्या जोडीने भाषा बोलणाऱ्यांना रांगेत पुढे घेतलं. टॅलेक्वात या वृद्धांसाठी घरंही बांधली आहेत, शाळेच्या जवळ, म्हणजे मुलांना चालत जाऊन भेटता येईल.

चेरोकीत 'गडुगी' असा एक शब्द आहे. गावाने मिळून एखाद्याचं काम उरकून द्यायचं, मोबदला न मोजता. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं, किंवा सावडीसारखं. मुलांना हा शब्द लवकर शिकवतात, कारण म्हाताऱ्यांची लाकडं फोडून देणं, अंगण झाडणं अशी कामं त्यांना लावतात. लाकडं फोडताना दोन वाक्यं कानावर पडतात. मिस चेरोकीच्या भाषणापेक्षा माझा या दोन वाक्यांवर जास्त भरवसा आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला टॅलेक्वात चेरोकींचा मोठा सण भरतो. 1839 ची घटना मंजूर झाली त्याची आठवण म्हणून 1953 पासून तो साजरा होतो. मिरवणुकीत लहान दूत हात हलवत जातात, तांब्याचे मुकुट उन्हात चमकतात. गर्दीत दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबं असतात, जन्मात पहिल्यांदाच आलेलीही. गावातल्या पाट्या दोन भाषांत आहेत. बाप मान वर करून पाटी वाचायला जातो: जी, डब्ल्यू, वाय. हात धरून चाललेली पोर त्याला थांबवते. "नाही बाबा, ज. ल. गी."